प्रेमकथेतील माणसे कोठे हरवली?

या त्रैमासिकाकडे येणाऱ्या साहित्यात प्रेमकथांचा भरणा मोठा असतो. त्याचे आम्हांला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्या कथांतील माणसांचे. नायिका गोरी, सोशिक आणि गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी. नायक देखणा, होतकरू आणि निर्व्यसनी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला दोघांची नजरानजर होते. मग आडवा येतो तो मुलीचा बाप, नाही तर मुलाचा धर्म. शेवट वेदीसमोर तरी होतो किंवा कॉन्व्हेंटच्या दाराशी तरी. मधल्या दहा पानांत त्या दोघांच्या मनात काय चालले होते, याचा पत्ता लेखकालाही नसतो. अशा लेखनाला प्रेमकथा म्हणण्यास आमची स्पष्ट हरकत आहे.

हरकत घेताच दोन पक्ष पुढे येतात. पहिला पक्ष म्हणतो, धर्मग्रामातील कुटुंबे जे नियतकालिक वाचतात त्यात प्रेमकथा हवीच कशाला? दुसरा पक्ष स्वतःला आधुनिक म्हणवतो. त्याला कथेत 'मानसशास्त्र' हवे असते. मग नायक रागावला की लेखक लगेच 'न्यूनगंड' असे निदान करून मोकळा होतो. नायिका गप्प राहिली की तिच्या बालपणीचा आघात शोधून काढतो. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. पहिला मनाकडे पाहू इच्छित नाही. दुसरा त्यावर चिठ्ठी चिकटवून पाहिल्याचे समाधान मानतो. रोग्याला नाव मिळाले म्हणजे माणूस कळला असे होत नाही.

मराठी प्रेमकथेला ही सवय लागली कशी, हेही पाहावे. ना. सी. फडके तर्कशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. 'प्रतिभासाधन' या ग्रंथात त्यांनी लेखनाचे तंत्र उलगडून दाखवले. गुंतागुंत, निरगाठ आणि उकल ही त्यांची परिभाषा दोन पिढ्यांच्या तोंडी बसली. तंत्र शिकवण्यात काही गैर नव्हते. पण अनुकरण करणाऱ्यांनी निरगाठ घटनेत मारली आणि मन सरळ दोऱ्यासारखे सोडून दिले. वास्तविक प्रेमातील खरी गाठ मनातच असते. वामन मल्हार जोशी यांची 'इंदु काळे व सरला भोळे' ही १९३४ सालची कादंबरी पत्रांतून उलगडते. एकच माणूस एकाला लिहिताना निराळा आणि दुसऱ्याला लिहिताना निराळा असतो, हे दाखवण्यास पत्रासारखे दुसरे साधन नाही. ही वाट पुढे फारच थोड्यांनी चोखाळली.

आम्हां ख्रिस्ती लेखकांनाही आत्मपरीक्षण चुकत नाही. मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी, 'यमुनापर्यटन' (१८५७), बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची आहे, याचा अभिमान आम्ही व्यासपीठावरून सांगतो. विधवांच्या दुःखाविषयीची तिची कळकळ निःसंशय थोर आहे. परंतु तिच्यातील पात्रे बहुधा लेखकाचा युक्तिवाद वाहून नेतात. कळकळ घ्यावी आणि ही उणीव सोडून द्यावी, एवढे आम्हांला इतक्या वर्षांत साधायला हवे होते. आम्ही नेमके उलटे केले.

आणि शिकायला दूर कशाला जावे? छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादपासून, पन्नासएक किलोमीटरांवर गोदाकाठी पैठण आहे. ही सातवाहनांची राजधानी. हाल राजाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' याच परंपरेतली. तिच्यात राजकन्या नाहीत. शेतकऱ्याच्या सुना आहेत, वाटसरू आहेत, शेजारणी आहेत. नवरा परगावी गेलेली एक बाई दिवस मोजण्यासाठी भिंतीवर रेघा ओढू लागते आणि तो गेला त्याच दिवशी, दुपारपर्यंत, भिंत भरून टाकते. तिच्या दुःखाविषयी कवी अवाक्षर काढत नाही. रेघा पुरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मातीत ज्याला हे ठाऊक होते, त्याला 'नेणीव' हा शब्द मात्र ठाऊक नव्हता.

आपला पवित्र ग्रंथ तर या विद्येचे आगर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील लेआ आठवावी. याकोबाचे प्रेम राहेलवर; लेआ नावडती. ती आपल्या मुलांना नावे देते, आणि त्या नावांतून तिचे मन बोलते. रऊबेन झाला तेव्हा तिला वाटते, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोनाच्या वेळी ती आपल्या नावडतेपणाची आठवण काढते. लेवीच्या वेळी पुन्हा आशा, की आता तो मला धरून राहील. यहूदाच्या जन्मी ती नवऱ्याचे नावच घेत नाही, केवळ देवाची स्तुती करते. आमच्यातील एखाद्या कथाकाराने येथेच पडदा टाकून तिला संतपदी बसवले असते. पवित्र लेखक तसे करत नाही. सहाव्या मुलाच्या, जबुलूनच्या, जन्मी तीच जुनी आशा पुन्हा डोके वर काढते. भक्ती खरी होती आणि आशाही खरी होती. माणूस असाच असतो.

पहिल्या पक्षाला आम्ही आठवण देतो, की आपल्या शहरातील कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे ते संत फ्रान्सिस दि सेल्स लेखकांचे आश्रयदाते आहेत. अकरावे पायस यांनी १९२३ साली तसे घोषित केले. या संताने १६०९ मध्ये संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात पोरकट प्रेमचाळे व खरी मैत्री यांतील भेद बारकाईने सांगितला. त्यांना तो विषय अपवित्र वाटला नाही. पुढे पोप झालेले कारोल वोयतिवा यांनी १९६० साली सोनाराच्या दुकानाभोवती फिरणारे, तीन जोडप्यांच्या प्रेमाचे नाटक लिहिले. त्यांतील एक जोडपे एकमेकांना दुरावलेले आहे. बिशपांना जे लिहिता आले, ते आम्हांला वाचणेही झेपू नये काय?

हा वाद केवळ साहित्याचा नाही. नायिकेवर पाळत ठेवणारा, तिने कोणाशी बोलावे हे ठरवणारा नायक आमच्या कथांत 'जिवापाड प्रेम करणारा' ठरतो. त्या कथा वाचून वाढलेली मुलगी साखरपुड्यानंतर संशयाला प्रेम समजते, आणि लग्नानंतर फादरांच्या दाराशी रडत येते. तिला कथेने आधीच सांगायला हवे होते, की मत्सर भीतीतून उपजतो. उपदेशाने हे सांगता येत नाही; त्या नायकाची भीती वाचकाला आतून दिसावी लागते.

त्यासाठी लेखकाला मानसशास्त्राची पदवी नको. पापनिवेदनापूर्वी आपण जे विवेकपरीक्षण करतो, तेच त्याने पात्राच्या वतीने करावे. याला काय हवे आहे? हवे आहे म्हणून तो काय सांगतो? तो कशाला भितो? आणि स्वतःपासून काय लपवतो? या चार प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आली, तर कथा लिहावी. एकच आली, तर पात्र अजून जन्मलेले नाही असे समजून लेखणी खाली ठेवावी. आम्ही तशी कथा छापणार नाही.