वाळू नेमकी कोणासाठी?

शनिवारी सकाळी फिश टँकच्या दुकानात उभं राहून लोक काय बोलतात ते ऐकणं हा माझा जुना टाइमपास. परवा एक जोडपं वाळू घ्यायला आलं होतं. दोन फुटी टँक, पहिलाच. दुकानदाराने तीन पिशव्या पुढ्यात टाकल्या: निळी, गुलाबी आणि काळी चमचमती. "निळी न्या सर, एलईडीखाली काय उठून दिसते!" त्यावर मॅडमचा मुद्दा, की सोफा मरून रंगाचा आहे. मग दहा मिनिटं सोफा, पडदे आणि भिंत यांवर चर्चा झाली आणि शेवटी काळी पिशवी गेली.

मासे कुठले ठेवणार, हे दुकानदाराने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अनोळखी माणसाला फुकटचा सल्ला द्यायची खाज मी तेव्हा मोठ्या कष्टाने आवरली. ती आता इथे भागवून घेतो.

कारण चार वर्षांपूर्वी मीही तसलीच काळी चमचमती वाळू आणली होती. फोटो झकास यायचे. त्या वाळूवर मी सहा कोरिडोरस सोडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे दक्षिण अमेरिकेतले छोटे मिशीवाले मासे. तळाशी राहतात, तोंड वाळूत खुपसतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं तेवढं ठेवतात आणि बाकीची कल्ल्यांतून बाहेर सोडतात. दिवसभर हाच उद्योग. म्हणजे आपण जिला शोभेची वस्तू म्हणतो, ती त्यांच्यासाठी जेवणाचं ताट असते.

दोन महिन्यांत त्यांच्या मिशा आखूड झाल्या. मी पाणी तपासलं, औषध घातलं, फिल्टर बदलला. म्हणजे बग कोडमध्ये असताना सर्व्हर रीस्टार्ट करत बसावं तसं. एका रात्री चिमूटभर वाळू बोटांत धरून चोळली तर काचेचा चुरा! सहापैकी दोन गेले. आता, घाण साचलेल्या तळातल्या जिवाणूंमुळेही मिशा झडतात. माझी साफसफाई तेव्हा काही आदर्श नव्हती, त्यामुळे सगळा दोष वाळूवर ढकलत नाही. पण ज्या वाळूने माझी बोटं खरचटली, ती मी त्यांना रोज चावायला दिली होती, हे खरंच.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की 'ही वाळू सेफ आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणासाठी सेफ, ते आधी सांगा. आणि त्याचं उत्तर पिशवीवर छापलेलं नसतं, घरी काढावं लागतं. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, धार. ओली वाळू तळहातावर घेऊन जोरात चोळायची. टोचली तर तळाशी राहणाऱ्या माशांना नको. आपल्याकडे बांधकामाला मिळणारी क्रश सँड म्हणजे फोडलेला दगड. तिचे कण कोनेरी असतात. भिंतीला ते चांगलं, माशाच्या तोंडाला नाही.

दुसरी, ती पाण्यात काय सोडते. कोरड्या वाळूवर चमचाभर व्हिनेगर टाकायचं आणि कानाजवळ धरायचं. बुडबुडे आले, चर्र आवाज आला, तर त्यात चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं आणि पीएच वर सरकतो. आता गंमत बघा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड ठेवणार असाल तर हे उत्तमच, त्यांचं मूळ पाणीच पीएच आठच्या आसपासचं. पण नीऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे असतील तर तीच वाळू चुकीची. वाळू एकच, निकाल दोन.

व्हिनेगर सौम्य असतं, थोडासा चुना त्यातून सुटू शकतो. म्हणून मी दुसरी टेस्टही लावतो. दोन बरण्यांत आरओचं पाणी, एकीत धुतलेली मूठभर वाळू, दुसरी तशीच. आठवड्याने टीडीएस पेनने दोन्ही मोजायच्या. वाळूच्या बरणीतला आकडा बराच चढला असेल तर काहीतरी विरघळतंय. आरओचंच पाणी का? नळाचं पाणी आधीच जड असेल तर फरक झाकला जातो.

तिसरी, रंग. रंगवलेली सगळीच वाळू वाईट असते असं नाही, लेप पक्का असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. पण बादलीत कोमट पाण्यात दोन दिवस भिजवा, हाताने ढवळा. पाणी निळं झालं की प्रश्न मिटला.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा गुहागरचा मामा म्हणाला, "अरे, इथे सोन्यासारखी वाळू पडलीय, पिशवीभर घेऊन जा की!" मामाला नाही म्हणणं कठीण, पण ही नकोच. धुऊन मीठ जाईल, शिंपल्यांचा चुरा कसा जाईल? तो म्हणजे चुनाच. सोसायटीच्या बांधकामावरचा ढीगही नको. त्यात सिमेंट, खिळे, तेल, काय वाट्टेल ते असतं.

"मग नदीची घे, नॅचरल आहे ना!" हे ऑफिसातल्या मित्राचं. नॅचरल या शब्दाने काही सिद्ध होत नाही. दख्खनच्या नद्यांच्या गाळात चुनखडीचे खडे असतात, म्हणजे व्हिनेगर लावायचंच. आणि दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. नदीच्या वाळूचं आपण काय करून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. पात्र खोल जातं, आसपासच्या विहिरींचं पाणी उतरतं, पुलांचे पाये उघडे पडतात. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली, ती याच चिंतेतून. माझ्या दहा-बारा किलोंनी नदी आटणार नाही, मान्य. पण पाण्यातल्या जिवांवर प्रेम आहे म्हणून टँक लावायचा आणि त्यासाठी चोरट्या उपशाची वाळू आणायची, हे काही पटत नाही.

मी शेवटी काय घेतलं? पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमध्ये भरतात ती गारेची, म्हणजे क्वार्ट्झची वाळू. ती पोत्यात मिळते, फॅन्सी पिशवीपेक्षा खूप स्वस्त पडते, आणि कणाचा आकार सांगून घेता येतो. मी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर घेतो. क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तरी चोळून बघायचीच, कारण काही फिल्टर सँडही टोकदार निघते. दोन बाय एक फुटाच्या टँकला चार सेंटीमीटर थर द्यायला साडेअकरा किलोच्या आसपास लागते. जास्त जाड थर नको. खाली ती घट्ट बसते, हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यांचा वास सुरू होतो.

पोतं उघडताना मात्र तोंडाला मास्क लावा आणि वाळू आधी ओली करा. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट. 'कोणासाठी सेफ' या यादीत आपणही येतो! मग बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा. साबण अजिबात नको.

हो, ही वाळूही कुठून तरी खणलेलीच आहे, ते मी विसरलेलो नाही. म्हणून एक नियम केलाय: टँक बदलला तरी वाळू टाकायची नाही. ती झिजत नाही, शिळी होत नाही, धुतली की पुन्हा तयार. माझी वाळू सध्या तिसऱ्या टँकमध्ये आहे.

दिसायला ती अगदीच साधी आहे, फिकट मातकट. परवा एक मित्र म्हणालाच, "तळाला काहीतरी कलरफुल टाक ना यार." त्याच वेळी एक कोरिडोरस डोळ्यांपर्यंत वाळूत घुसला होता आणि कल्ल्यांतून बारीक धार सोडत होता. मिशा पूर्ण. जुन्या चारांपैकीच तो, मिशा परत आल्या त्याच्या. मी मित्राला तो दाखवला. त्याला काही विशेष वाटलं नाही.

असो. रविवार आहे, पाणी बदलायचंय. आणि ते जोडपं पुन्हा दुकानात भेटलं, तर या वेळी मी गप्प बसणार नाहीये.