गोणपाटाची ऊब

एका रात्रीत थंडी पडली. संध्याकाळपर्यंत आभाळ होतं तोवर बरं होतं. ढग हटले, उत्तरेचा कोरडा वारा सुटला, अन् दिवसभर तापलेल्या जमिनीनं सगळी ऊब रातोरात सोडून दिली. जड गार हवा उतरून कृष्णाकाठच्या सखल रानात बसली.

सकाळी पेपरात फोटो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं. मथळा : गुलाबी थंडी. आतल्या पानावर तासगावच्या द्राक्षांची काळजी. उसाच्या फडातला माणूस कुठल्याच पानावर नाही.

मी त्या पहाटे वाळवा तालुक्यात होतो. चार वाजता बीडकडची एक जोडी फडात शिरताना बघितली. उसाचं पान दवानं चिंब. कोयता घातला की अंगावर पाणी. बाईच्या डोक्यावर पोत्याची खोळ. पोरगं कोपीत, पाचटावर, पोत्यातच गुंडाळलेलं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. कुडकुडणारे जीव दोन, हिशेबात एक.

विचारलं, "ताई, उजाडल्यावर तोडलं तर?"

"उचल घेतलीय भाऊ. गाडी यायच्या आत मोळ्या बांधाव्या लागत्यात. थंडी हाय म्हणून खाडा माफ होतो का?"

मी गोदीत पोती वाहतो. मला गोणपाट कळतं. वारा त्यातून आरपार जातो.

याच मुलखात, साताऱ्याला, 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचं नाव हायस्कुलात घातलं. शाळेत बसायला वेगळं गोणपाट. ते रोज घरून न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आज 7 नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस करतो, अन् त्याच सुमाराला ही पोरं शाळेतून उठून आईबापाच्या मागं फडात येतात. गोणपाट अजून सुटलेलं नाही. फक्त वर्गातून कोपीत आलंय.

दोस्तांनो, थंडी पडली की आपलीही पोरं ब्लँकेटं वाटायला निघतात. बॅनर, फोटो, हार. मीही वाटलीत. एक रात्र निभते, खोटं कशाला बोला? पण वाटणारा पुढच्या साली येईलच असं नाही. थंडी येणार, कोयताही येणार.

अन् 'अचानक थंडी' म्हणजे काय? गव्हाणीत पहिली मोळी पडते त्या दिवशीच कारखान्याला ठाऊक असतं, पुढं हिवाचे महिने आहेत. मग टनाचा दर ठरवतानाच करारात लिहा : वारा अडेल असा निवारा, जळण, पांघरूण, पोरांना शाळा. कडाक्याच्या दिवसांत तोड उजाडल्यावर, अन् त्याचा खाडा नाही. भीक नको, करार पायजे. आपण कवितेत उसाला रक्त पाजतो. एकदा हा करार मागायला कारखान्याच्या दारात बसू.

25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली, तेव्हाही हिवाळाच होता. तो जाळ हात शेकायला पेटवला नव्हता.

जयभीम.