‘कासाब्लांका’त मोरोक्को कुठे आहे?

‘कासाब्लांका’त कोणकोणती माणसं दिसतात आणि कोणती दिसत नाहीत, असं विचारलं की एक उत्तर ठरलेलं असतं: 1942 सालच्या चित्रपटाला आजची फुटपट्टी लावू नका. नाझींविरुद्धच्या प्रतिकाराची कथा ती. तिच्यात प्रतिनिधित्वाचा हिशेब कशाला?

ही फुटपट्टी आजची नाहीच. 1942 सालीच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’चे वॉल्टर व्हाइट हॉलिवूडच्या स्टुडिओप्रमुखांच्या गाठीभेटी घेत होते. आमच्या माणसांना फक्त नोकर आणि विदूषक करू नका, हीच त्यांची मागणी होती.

शिवाय या चित्रपटाची ताकदच मुळी प्रतिनिधित्वात आहे. नायक रिकच्या कॅफेतला तो प्रसंग पाहा. जर्मन अधिकारी गाऊ लागतात, प्रतिकार-चळवळीचा नेता लास्लो वाद्यवृंदाला ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, वादक रिककडे पाहतात, रिक किंचित मान हलवतो. मग अख्खा कॅफे गातो आणि इव्हॉनचे डोळे भरून येतात. ती भूमिका करणारी मादलेन लबो आणि जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ हे नवरा-बायको 1940 मध्ये नाझींच्या भीतीने पॅरिस सोडून पळालेले. वेटर कार्ल झालेला साकॉल हंगेरीचा ज्यू. खुद्द नाझी मेजर रंगवणारा कॉनराड फाइटही 1933 मध्येच जर्मनीतून बाहेर पडलेला. या चेहऱ्यांच्या जागी कॅलिफोर्नियातले गुळगुळीत नट असते, तर प्रसंग निम्म्याने फिका पडला असता. हे कौतुकाने सांगणाऱ्यांना पुढचा प्रश्न टाळता येणार नाही. कोण दिसतं याने इथे एवढा फरक पडतो, तर इतरत्र का पडू नये?

कॅफेतला कृष्णवर्णीय पियानोवादक सॅमचंच घ्या. तो निव्वळ नोकर आहे, ही टीका उथळ आहे. रिकचा खरा सोबती तोच, आणि प्रतिस्पर्धी कॅफेवाला फेरारी त्याला मागतो तेव्हा ‘मी माणसांचा व्यापार करत नाही’ अशा अर्थाचं उत्तर रिक देतो. पण नायिका इल्सा झालेली सव्वीस वर्षांची इंग्रिड बर्गमन सॅम झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या डूली विल्सनचा उल्लेख सहज ‘पोरगा’ असा करते. शेवटी कॅफे विकताना सॅमची टक्केवारी दोन गोरे परस्पर ठरवतात. विमानतळावरच्या शेवटच्या प्रसंगात तर सॅम नाहीच.

आणि मोरोक्कोचे लोक? 1912 पासून फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या या देशाच्या वाट्याला आलेत एक दारवान आणि इल्साला लेस विकताना भाव पाडत जाणारा एक दुकानदार. तो दुकानदारही सिसिलीत जन्मलेल्या फ्रँक पुग्लियाने केलेला. बरबँकच्या स्टुडिओत मोरोक्कन नट कुठून आणायचे, हा बचाव लंगडा आहे. बल्गेरियाच्या नवविवाहित जोडप्याला पटकथेने सबंध उपकथा दिली. ती रंगवली एका अमेरिकन मुलीने आणि एका ऑस्ट्रियन तरुणाने. नट नव्हते म्हणून काहीच अडलं नाही. अडलं ते मोरोक्कोच्या माणसालाही स्वातंत्र्य हवं असेल, हे लेखकांना सुचण्यापाशी. ‘मार्सेयेज’ कासाब्लांकाच्या रहिवाशांसाठी राज्यकर्त्यांचं गीत होतं, याची चित्रपटाला दखलही नाही.

म्हणून चित्रपट अडगळीत टाका, असं म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. निर्वासितांचा एवढा खरा जमाव हॉलिवूडने क्वचितच पडद्यावर आणला.

तरी ‘हा युरोपीयांचाच लढा होता, म्हणून चेहरे युरोपीय’ हे समर्थन इतिहासापुढे टिकत नाही. शेवटी धुक्यात फ्रेंच पोलिसप्रमुख रेनो रिकला ब्राझाव्हिलला जायचं सुचवतो, कारण द गॉलच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’ची फौज तिथे होती. 1942 मध्ये त्या शहरातून फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचा कारभार पाहत होते फेलिक्स एबुए, फ्रेंच गयानात जन्मलेले कृष्णवर्णीय गव्हर्नर-जनरल. ऑगस्ट 1940 मध्ये चाडचे गव्हर्नर असताना द गॉलच्या बाजूने उभं राहण्याचं धाडस त्यांनीच केलं होतं, आणि स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत आफ्रिकी सैनिकांचा भरणा मोठा होता. रिक आणि रेनो ज्यांना जाऊन मिळणार होते, ते हे लोक.