गेमच्या मोफत ‘की’ वाटायला स्क्रिप्ट ठीक, पण शेवटचं बटण कुणी दाबायचं?

स्वस्तात मिळतं म्हणून गेमचं बंडल घेतलं, तर त्यातले बरेच गेम आधीच लायब्ररीत निघतात. उरलेल्या ‘की’ पडून राहण्यापेक्षा कुणाला तरी मिळाव्यात, म्हणून लोक त्यांचा ऑनलाइन गिव्हअवे लावतात. पण तीस की म्हणजे तीस फॉर्म. गेमचं नाव शोधा, की पेस्ट करा, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, देश. सगळा रविवार त्यातच जातो. त्यावर उपाय म्हणून काही जण ब्राउझरमध्ये छोटी स्क्रिप्ट बसवतात. यादी दिली की फॉर्म आपोआप भरले जातात.

यात गैर काही नाही. टायपिंग मशीननंच करावं. अडचण आहे ती कीच्या स्वभावात.

स्टीमची नेहमीची की म्हणजे पाच-पाच अक्षर-आकड्यांचे तीन गट. ती पाहून गेम कुठला हे कळत नाही. चालते का हे तपासायचं तर वापरावी लागते, आणि वापरली की संपली. मोबाइल रिचार्जचं जुनं स्क्रॅच कार्ड आठवा. त्यामुळे चूक वाटणाऱ्याला दिसतच नाही, ती कळते जिंकणाऱ्याला. हाताने भरताना एखादा फॉर्म चुकेल. एक्सेल शीटमध्ये एक ओळ खाली सरकली, तर स्क्रिप्ट तीसच्या तीस चुकवते, तेही काही सेकंदांत. मग तीस अनोळखी लोकांची समजूत काढत बसा!

दुसरी बाजू घेणाऱ्यांची. देणं आपोआप झालं की घेणंही आपोआप होतं. उघड्यावर टाकलेली की माणसाच्या आधी बॉट उचलतो.

हे किती टोकाला जातं, ते स्टीमवर दिसलं. गेम खेळला की ट्रेडिंग कार्ड मिळतात आणि ती विकता येतात, अशी सोय तिथे 2013 मध्ये आली. डेव्हलपरला की फुकट मिळतात. काहींनी नावापुरते गेम बनवले, हजारो की घेतल्या आणि बॉट खात्यांना वाटल्या. बॉट गेम नुसता चालू ठेवायचे, कार्ड जमवायचे, पैसे डेव्हलपरकडे. शेवटी मे 2017 मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं नियम बदलला. खरे खेळाडू गेम खेळतायत याची खात्री पटेपर्यंत कार्ड नाहीत.

त्याआधी 2016 मध्ये, कीवर गेम मिळवलेल्यांचे रिव्ह्यू गेमच्या स्कोअरमधून वगळले गेले. कारण तेच, फुकट की देऊन रिव्ह्यू गोळा करणं. यात भरडला गेला तो प्रामाणिक छोटा डेव्हलपर. त्याची की एखाद्यानं खरोखर जिंकली, गेम मनापासून आवडला, रिव्ह्यू लिहिला, तरी स्कोअरमध्ये तो धरला जात नाही.

म्हणून स्क्रिप्टनं फॉर्म भरावा आणि थांबावं. गेमचं नाव आणि की यांची जोडी माणसानं एकदा डोळ्यांखालून घालावी, मगच बटण दाबावं. तीस जोड्या पाहायला चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो. देशाचा रकाना तर हातानेच भरलेला बरा. काही की ठरावीक देशांतच चालतात. स्क्रिप्ट ‘सगळे देश’ भरून मोकळी होते आणि पुण्यातल्या विजेत्याच्या हाती येते भारतात न चालणारी की.