गाडी येईपर्यंत

आपल्या आदिलाबादच्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी इथे सगळेच लिहितात. वाडे, सण, कापसाच्या बैलगाड्या. मी आज जरा वेगळी आठवण लिहितो, आणि तिच्या निमित्तानं तुमच्याशी थोडं भांडतोही. राग मानू नका.

आमचे मोठे काका ओसरीवर कोसळले तेव्हा घरात आम्ही अकरा माणसं होतो. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा हुंगवला, काकू चमचा शोधायला आत धावली. मी गाडी आणायला पळालो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "छाती कोणी दाबली होती का?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. दाबली असती तर काका वाचलेच असते असं मी म्हणत नाही. खूपदा दाबूनही माणूस जातो, हे आता मी स्वतः पाहिलंय. पण अकरा जणांत एकालाही माहीत नव्हतं, हे मला अजून सलतं.

त्यानंतर मी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं. शेजारपाजारच्या गावांतून फोन आला की जातो. २००५ साली आंध्रात १०८ ची सेवा सुरू झाली, तिनं किती जीव वाचवले असतील! पण गाडीला रस्ता कापावाच लागतो. हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ती मिनिटं गाडीची नसतात, जवळ उभ्या असलेल्या माणसाची असतात.

लोकांना वाटतं मी काही मोठं करतो. खरं सांगू? निम्मं काम चुकीचं काही होऊ न देण्याचं आहे. पैनगंगेकडच्या एका गावात रात्री पोराला मण्यार चावली. जमिनीवर झोपला होता. मण्यारच्या दंशाला सूज नाही, फारसं दुखणंही नाही. म्हणून घरचे म्हणत होते, "सकाळी पाहू." पोराच्या पापण्या मात्र जड व्हायला लागल्या होत्या. शेजारी ब्लेड घेऊन तयार, दुसऱ्याच्या हातात दोरी. चिरायचं नाही, बांधायचं नाही, चालवायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि निघायचं. मांत्रिकालाही निरोप गेला होता. मी वाद घातला नाही. म्हटलं, "बाबा, त्यांना सरळ रिम्सलाच बोलवा ना, आपण तिकडंच चाललो." पोरगं वाचलं ते प्रतिविषामुळं आणि डॉक्टरांमुळं. मी काय केलं? ब्लेड काढून घेतलं.

आणखी एक काम आहे, ते आपल्या घरांना फार छान जमेल. म्हातारी आजी मराठीत सांगते, "छातीत कळ निघते," आणि फोनवर पलीकडून तेलुगूत प्रश्न येतात. घाबरलेल्या माणसाला येत असलेली भाषाही आठवत नाही. आपली पोरं मराठी, तेलुगू, हिंदी सगळं बोलतात, काहींना गोंडीही कळते. "पामु करिचिंदी" एवढं वेळेवर सांगता आलं तरी पुढचं सोपं होतं. (छातीला तेलुगूतही छातीच म्हणतात, तेवढीच सोय!) नदीकाठी मोबाईल कधी महाराष्ट्राच्या टॉवरला लागतो, म्हणून आधी राज्य, जिल्हा, गाव सांगायचं. हेही शिकवावं लागतं.

आता भांडण. "पोलिसांचं लचांड कोण मागं लावून घेईल?" असं ४४ नंबरच्या हायवेवर जखमी पडलेला असताना चांगली शिकलेली माणसं म्हणतात आणि मोबाईलवर चित्रण करतात. सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला २०१६ सालीच संरक्षण दिलंय. २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यातही आलं. नाव सांगायची सक्ती नाही. मग भीती कशाची?

दुसरं म्हणजे, "आमच्या घरात डॉक्टर आहे." आहे ना, हैदराबादला! नाहीतर पुण्याला, अमेरिकेत. इथं घरात सत्तरीची दोन माणसं आणि दाराला आतून कडी. त्यांच्याकडे पहिल्यांदा कोण पोचणार? शेजारचा दुकानदार, दूधवाला, नाहीतर समोरची वहिनी. भंडाऱ्याची वर्गणी आपण न मागता देतो. मग गल्लीतल्या चार जणांना एक दिवस छाती दाबायला शिकवायचं म्हटलं की सगळ्यांना कामं कशी निघतात?

शिकायला फार नाही. छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून एकटा पुरत नाही. पहिल्या वेळी माझी बायको म्हणाली, "बरगडी मोडली तर?" मोडते कधी कधी. मोडलेली जुळते.

येत्या रविवारी सकाळी आठला मंदिराच्या सभागृहात सरावाचा पुतळा मी आणतो. सतरंज्या तेवढ्या कोणीतरी आणा. आणि समोरच्या वहिनींना नक्की घेऊन या, त्या दिवसभर घरी असतात.