सॉफ्टवेअर घेतले, पण गोदाम मोजले का?

दहा पेट्यांवर एक मोफत, अशी कंपनीची योजना. वितरकाच्या गोदामात अकरा पेट्या उतरल्या, संगणकात मात्र दहाच चढल्या. महिनाअखेरीस साठा जुळत नाही आणि खापर फुटते सॉफ्टवेअरवर.

खरेदी, साठा, बिले, उधारी आणि जीएसटी एकत्र सांभाळणारी प्रणाली म्हणजे ईआरपी. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेलेल्या व्यावसायिकांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत ग्राहकांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. त्यामुळे बिलापुरता तरी संगणक आलाच. पण बिल हा त्यातला सोपा भाग. औषधांच्या घाऊक व्यापारात एकाच गोळीच्या तीन-चार बॅच पडून असतात. ज्या बॅचची मुदत आधी संपते, ती आधी बाहेर पडायला हवी. माल उतरवतानाच ती तारीख नोंदवली नसेल, तर प्रणाली इशारा देणार कशाच्या जोरावर?

म्हणून जास्तीच्या सुविधांवर पैसे घालण्याआधी एक रविवार गोदाम मोजण्यात घालवावा. नोंद करणारा माणूस गोदामातला असतो. त्याला मोबाइलवर मराठीतून काम करता येईल का, हे विक्रेत्याला विचारावे. डेमो बहुधा मालकाच्या केबिनमध्ये होतो. तो गोदामात, टेम्पो रिकामा होत असताना मागावा.