आधी बाजूला कोणाला केले ते सांगा

मंगल कार्यालयात वधूपक्षाला मिळणारी खोली पूर्वी बायकांची असे. आता ती फोटोग्राफरची असते. पहाटेपासून दिवे लागतात. शालू हँगरला लावून खिडकीत टांगला जातो. हिरवा चुडा, नथ, मुंडावळ्या पाटावर मांडून त्यांचे वेगळे फोटो निघतात. मग नवरी आरशापुढे बसते आणि एकदा घातलेली नथ काढून पुन्हा घालते, कारण पहिल्या वेळी कोन साधला नव्हता. या हौसेला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. उधळपट्टी, दिखाऊपणा, संस्कृतीचा ऱ्हास असे ठरीव शेरे मारून ते जेवायला मोकळे होतात. माझी तक्रार कॅमेऱ्याविरुद्ध नाहीच. त्याच्यापुढे आपण कोणाला उभे करतो आणि कोणाला हटवतो, याविरुद्ध आहे.

वडील नसलेल्या मुलीचे लग्न घ्या. आईने शिलाई मशीन चालवून मुलीला शिकवले, कार्यालयाचे भाडेही तिनेच भरले. मुंडावळ्या बांधायची वेळ येते तेव्हा थोरली जाऊ हळूच म्हणते, "तू राहू दे गं, सवाष्णीच्या हातून होऊ दे." आई मागे सरून कपाटाशी उभी राहते, हातात सेफ्टी पिनांची डबी. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "मावशी, आरशात येताय, जरा बाजूला व्हा ना." तो पोरगा उद्धट नसतो. त्याला उजेड आणि चौकट सांभाळायची असते. त्याच्या आधी तिला आपणच बाजूला केलेले असते. तो फक्त आरसा स्वच्छ करून देतो.

विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३मध्ये विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली आणि मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका, असा ठराव करावा लागला. राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. खेड्याने निदान ठराव तरी केला. वातानुकूलित कार्यालयातल्या पदवीधर नातलगांना तेवढेही सुचत नाही. विधवा आईने चेक फाडलेला त्यांना चालतो, तिने हळद लावलेली चालत नाही.

आता नवरदेवाच्या खोलीत या. फेटा बांधून होतो, जोधपुरीची बटणे लागतात आणि कॅमेरा मनगटाजवळ येतो. मोठ्या दिमाखात घड्याळाचा फोटो निघतो. मग अंगठी, मग गळ्यातला गोफ. हे सगळे कुठून आले? "आमची काही मागणी नाही, तुम्ही तुमच्या हौसेने काय घालायचे ते घाला," असे म्हणत बैठकीत जी यादी तयार झाली, तिच्यातून आले. हुंडा देणे आणि घेणे, दोन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हे आहेत. पूर्वीचे लोक निदान पाकीट टेबलाखालून सरकवीत. आपण मुद्देमालाचे फोटो पैसे मोजून काढून घेतो. त्या घड्याळापायी मुलीच्या बापाने सोसायटीचे कर्ज उचलले की जमिनीचा तुकडा विकला, हे अल्बमच्या कोणत्याही पानावर येत नाही.

मुलीच्या बाबतीत तर चेहराही तिचा ठेवत नाहीत. उन्हातान्हात हिंडून नोकरी करणाऱ्या सावळ्या पोरीला मेकअपवाली दोन छटा उजळ करते, उरलेले काम एडिटिंगमध्ये होते. सांगणारी बहुतेक घरचीच असते: "जरा गोरी दिसू दे हं." ज्या दिवशी दोन घरे तिला आपली म्हणायला जमली, त्याच दिवशी तिच्या कातडीला नकार मिळतो.

आणि ही नवरी बोलत नाही. आरशात बघते, लाजते, खिडकीबाहेर पाहते. वरून सिनेमाचे गाणे चढवले जाते. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३मध्ये पुण्यात भटजीवाचून लग्न लावले. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रीच्या हक्कांचे वचन मागते आणि वर ते सर्वांसमक्ष देतो. तेव्हा लग्नात कॅमेरा नसे, पण मुलीला वाचा होती. आज तीन कॅमेरे आणि एक ड्रोन असतो. त्यांच्या एकाही माइकवर तिचे एक वाक्य सापडत नाही.

सुधारणेसाठी नवा कायदा नको. फोटोग्राफरचे पॅकेज ज्या बैठकीत ठरते, तिथेच तीन गोष्टी ठरवा. पहिली हळद आई लावेल, तिचा नवरा हयात असो वा नसो. वराच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूची पावती वराच्याच नावाची असेल. मुलीचा रंग कोणी बदलणार नाही. याला एक रुपया जास्त लागत नाही. लागते ती थोरल्या जावेला आणि व्याह्याला तोंडावर नाही म्हणण्याची धमक. ती ज्या वधूवरांत नाही, त्यांनी पुढाऱ्यांना आणि जुन्या पिढीला दोष देऊ नये. त्यांच्या लग्नातला अन्याय त्यांच्याच संमतीने झालेला आहे.